टंचाईत जागं होणारं खमीर

जर्दाळू किंवा आलुबुखार खाऊन झालं की त्याची बी आपण सहज टाकून देतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत ती टाकत नसत. 'फळांच्या बिया गोळा करा' अशी भित्तिपत्रकं तिथल्या शहरांत भिंतीभिंतींवर लागली होती. शाळेतली मुलं चेरीच्या, आलुबुखाराच्या, जर्दाळूच्या बिया वाळवून जमा करून देत. त्या फोडून आतल्या गरातून तेल काढलं जाई. एका बीतून निघून निघून किती तेल निघणार? पण त्या देशात तेव्हा थेंबालाही मोल आलं होतं.

ही वेळ का आली, ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश आरमारानं जर्मनीचा समुद्रमार्ग अडवला. तोपर्यंत जर्मनीच्या स्वयंपाकघरातली, साबणाच्या कारखान्यातली आणि दिव्यातली पुष्कळशी स्निग्धता परदेशातून येत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या पामच्या बिया हॅम्बुर्गच्या गिरण्यांत गाळल्या जात. आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरच्या सुक्या खोबऱ्याचं मोठं गिऱ्हाईकही जर्मनीच होतं. हे सगळं थांबलं. तेलबियांबरोबर गुरांना घालायची पेंडही थांबली. पेंड नाही म्हणून दूध कमी, दूध कमी म्हणून लोणी नाही. ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागात लोण्याच्या दुकानांपुढे दंगली झाल्या. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या बायकांचा संयम सुटला होता. पुढच्या वर्षी पावसानं आणि रोगानं बटाट्याचं पीक बुडालं. १९१६-१७ च्या हिवाळ्यात लोकांनी जनावरांचा चारा म्हणून पिकवले जाणारे सलगमाच्या जातीचे कंद उकडून खाल्ले. तो हिवाळा तिथल्या इतिहासात 'सलगमांचा हिवाळा' याच नावानं ओळखला जातो. नाकेबंदीमुळे दगावलेल्या नागरिकांचा आकडा जर्मन सरकारनं डिसेंबर १९१८ मध्ये ७ लाख ६३ हजार असा जाहीर केला. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच खाली, सव्वाचार लाखांच्या आसपास आणला. कुठलाही आकडा धरला तरी त्यामागे रिकाम्या ताटांवर बसलेली माणसं होती.

त्याच भुकेल्या बर्लिनमध्ये एका प्रयोगशाळेत वेगळाच विचार चालला होता. बीतून तेल मिळतं, दुधातून लोणी मिळतं. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या एखाद्या जिवाकडून स्निग्ध पदार्थ तयार करून घेता येईल का? त्याला खायला साखरेच्या कारखान्यातली मळी घालायची, आणि त्याच्या अंगात साठलेलं तेल काढून घ्यायचं. आज भाज्यांची देठं, बटाट्याच्या साली, सडकी फळं यांच्यापासून खमिराकरवी तेल मिळवण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांची वंशावळ या प्रयोगशाळेपर्यंत मागे जाते.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दामुळे. खमीर हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूत आणि तिथून आमच्या घरातल्या बोलीत आला. पीठ फुगवतं ते खमीर. उर्दूत त्याला आणखी एक अर्थ आहे. माणसाची मूळ घडण, त्याचा उपजत स्वभाव, यालाही खमीर म्हणतात. एखाद्याच्या खमिरातच बंडखोरी आहे, असं बोललं जातं. मराठीत आपण आंबवण म्हणतो. गोव्याचे पोदेर पिढ्यान्‌पिढ्या माडाची सूर घालून पाव फुगवत आले, तेही याच जिवाच्या भरवशावर. शास्त्रज्ञ त्याला यीस्ट म्हणतात. ही एका पेशीची बुरशी. साखर खाते, त्यातून मद्य आणि वायू तयार करते. त्या वायूनं पाव फुगतो.

पावाच्या यीस्टच्या अंगात स्निग्धता अगदी थोडी असते. वाळवलेल्या यीस्टच्या वजनाच्या काही टक्के, इतकीच. पण यीस्टचं कुळ मोठं आहे आणि त्यातले काही भाऊबंद साठवणखोर आहेत. त्यांच्या कोरड्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग तेल असतं. परिस्थिती जुळून आली तर काहींमध्ये ते साठ टक्क्यांच्याही वर जातं. शेंगदाण्यात साधारण निम्मं तेल असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या सूक्ष्म जिवाची ताकद कळते.

बर्लिनच्या त्या किण्वन संस्थेत पाउल लिंडनर नावाचे शास्त्रज्ञ होते. यीस्ट ओळखण्यात त्यांचा हातखंडा. १८९३ मध्ये त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या बाजरीसारख्या धान्याच्या बियरमधून एक नवं यीस्ट वेगळं काढलं होतं. स्वाहिलीत बियरला पोंबे म्हणतात, म्हणून त्याच्या नावात 'पोंबे' आलं. पुढे याच यीस्टवर काम करून ब्रिटनचे पॉल नर्स यांनी पेशी कशी विभागते याचं कोडं उलगडलं आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. युद्धाच्या काळात मात्र लिंडनर यांचं लक्ष वेगळ्या जिवाकडे होतं. वसंत ऋतूत झाडांच्या जखमांतून गोडसर रस पाझरतो. त्या चिकट रसावर एक खमिरासारखी बुरशी वाढते. एंडोमायसिस व्हर्नालिस हे तिचं तेव्हाचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशींत तेलाचे गोळे चमकताना दिसत.

हे तेल साठतं कसं, ते समजून घेणं अवघड नाही. पेशीला वाढायला दोन प्रकारचं अन्न लागतं. एक साखर, जिच्यातून ऊर्जा मिळते. दुसरं नायट्रोजन, ज्याच्याशिवाय प्रथिनं होत नाहीत आणि नवी पेशी घडत नाही. साखर भरपूर आहे पण नायट्रोजन संपला, अशी स्थिती आली की साधं यीस्ट वाढायचं थांबतं. साठवणखोर यीस्टही थांबतं, पण त्याचं खाणं थांबत नाही. नवं घर बांधायला विटा नाहीत. मग आलेलं धान्य कणगीत भरून ठेवा, असा त्याचा हिशेब. ते साखरेचं तेल करतं आणि पोटात साठवतं. पुढे उपासमार आली तर तेच तेल जाळून जगतं. म्हणजे मुळात ही त्याची दुष्काळाची तरतूद. बर्लिनच्या शास्त्रज्ञांना माणसांच्या दुष्काळासाठी तीच हवी होती.

पण बेत पुरता जमला नाही. ही बुरशी उथळ तबकांत, पातळ थरावर वाढवावी लागे. वाढायला वेळ लागे आणि जागा तर फारच लागे. शहराला पुरेल इतकं तेल काढायचं तर तबकांचे किती मजले उभारायचे? शिवाय अडचण आणखी खोलवरची होती. पाच किलो साखर खाऊ घालावी तेव्हा कुठे यीस्टकडून एक किलोच्या आसपास तेल मिळतं. पाच किलो साखरेत वीस हजार कॅलरी ऊर्जा असते, एक किलो तेलात नऊ हजार. निम्म्याहून जास्त अन्न वाटेतच खर्च होतं. उपाशी माणसाला तुम्ही साखर देणार, की ती यीस्टला देऊन त्याच्याकडून उरलंसुरलं मागून घेणार? जनावरांनाही मळी हवी होती. दुष्काळात तेलाची गरज असते तेव्हा साखर नसते, हा पेच या विद्येच्या जन्मापासून तिच्या मागे लागला.

त्या साखरेवर आणखी एका दावेदाराचा डोळा होता. तो म्हणजे तोफखाना. स्फोटकांतल्या नायट्रोग्लिसरिनसाठी ग्लिसरिन लागतं, आणि ग्लिसरिन तेव्हा चरबीतून, साबण करताना निघे. चरबीच नाही तर ग्लिसरिन कुठलं? कॉनश्टाइन आणि ल्यूडेक या जर्मन रसायनतज्ज्ञांनी त्यावर तोड काढली. साखर आंबवताना त्यात सोडियम सल्फाइट नावाचं क्षार घातलं की यीस्टची चाल बदलते आणि ते मद्याऐवजी मोठ्या प्रमाणावर ग्लिसरिन तयार करतं. युद्धाच्या अखेरच्या काळात या पद्धतीनं महिन्याला सुमारे एक हजार टन ग्लिसरिन तयार होत होतं. यीस्टची चाल अशी का बदलते, हे ज्यांनी उलगडून दाखवलं ते कार्ल नॉयबर्ग ज्यू होते. नाझींनी पुढे १९३४ मध्ये त्यांना त्यांच्या संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर केलं. अखेर त्यांना देश सोडावा लागला. १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले.

या हकिगतीपाशी मी थबकतो. तेच शहर, तोच खमीर. ताटासाठी तेल काढण्याचा प्रयोग तबकांतच राहिला. तोफेसाठी ग्लिसरिन काढण्याचा प्रयोग हजार टनांपर्यंत गेला. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं दुसरं काम सोपं होतं, हे खरं. पण राज्यकर्त्यांना पहिलं काय हवं होतं, हेही खरंच.

युद्ध संपलं, नाकेबंदी उठली, जहाजं पुन्हा बंदरात लागू लागली. पामच्या बिया आल्या, खोबरं आलं. आणखी एक तेल आलं, देवमाशाचं. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉरमान या जर्मन रसायनतज्ज्ञानं पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची पद्धत शोधली होती. तिच्या आधारे अंटार्क्टिकच्या समुद्रात मारलेल्या देवमाशांचं तेल युरोपात मार्गारीन होऊन पावावर चढलं. आपल्याकडे हीच पद्धत शेंगदाण्याच्या तेलावर वापरली गेली. मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. स्वस्त स्निग्धतेचा असा पूर आला असताना झाडाच्या रसावरल्या बुरशीची आठवण कोण ठेवणार? ती विद्या झोपी गेली.

दुसऱ्या महायुद्धानं तिला पुन्हा जागं केलं. जर्मनीत या वेळी इतकी हातघाई होती की विटेन गावच्या कारखान्यात कोळशापासून काढलेल्या मेणाचं खाण्याजोगं 'लोणी' बनवलं गेलं. लाकडाच्या आणि कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातल्या साखरेवर खाण्याचं यीस्ट वाढवलं गेलं. युद्धात तटस्थ असूनही स्वीडनचा बाहेरचा पुरवठा तुटला होता. तिथे लुंडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होडोटोरुला नावाच्या यीस्टकडून तेल काढण्यावर काम केलं. हे गुलाबी रंगाचं यीस्ट. न्हाणीघराच्या ओल्या कोपऱ्यात कधी कधी गुलाबी चिकट थर धरतो ना, त्यात हाही एक असतो. त्यांचं काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. मुख्य म्हणजे हे यीस्ट तबकांऐवजी हवा खेळवलेल्या टाक्यांत वाढवता येत होतं. लिंडनर यांची जागेची अडचण इथे सुटली. त्याच वर्षी अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या रॉबर्ट स्टार्की यांनी मातीतल्या एका यीस्टमध्ये तेल भरगच्च साठतं हे दाखवलं. १९५२ मध्ये त्या यीस्टला त्यांचंच नाव देण्यात आलं, लिपोमायसिस स्टार्कीयाय. आपण पायाखाली तुडवतो त्या मातीत राहणारा हा तेली.

म्हणजे १९५० पर्यंत जीव सापडले होते, टाक्या तयार होत्या. तरीही कारखाने उभे राहिले नाहीत, कारण शांतता होती आणि सोयाबीन व पामचं तेल स्वस्त होतं. टंचाईत गरज असते पण साखर नसते; सुबत्तेत साखर असते पण गरज नसते. दोन्ही वेळा या खमिराला नकारच मिळाला.

पुढची गोष्ट शांततेच्या काळातली आहे. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कॉलिन रॅटलेज यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला. साठवणखोर यीस्ट साध्या यीस्टपेक्षा वेगळं का वागतं, याचं उत्तर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात शोधलं. या यीस्टकडे एक खास विकर असतं. साखरेपासून झालेलं सायट्रेट ते फोडतं आणि तेल बनवण्याचा कच्चा माल मोकळा करतं. साध्या यीस्टकडे ते नसतं. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यावर असं यीस्ट वाढवलं. त्या पाण्यात दुधाची साखर असते आणि ते नाल्यात सोडलं तर नदी नासते. म्हणजे टाकाऊ साखर आणि कामाचं तेल यांची गाठ पडली. न्यूझीलंड हा दुधाचा देश. तिथेही चीजच्या पाण्यावर हे काम मोठ्या टाक्यांपर्यंत नेलं गेलं. मनसुबा होता चॉकलेटमधल्या महागड्या कोको बटरला पर्याय देण्याचा. पण कोको बटरचे भाव उतरले आणि तो मनसुबा बारगळला. इंग्लंडमध्ये सेल्बी इथल्या कारखान्यात १९८५ मध्ये एका बुरशीपासून औषधी गुणाचं तेल विक्रीसाठी निघू लागलं. सूक्ष्म जिवापासून काढलेलं, बाजारात आलेलं हे पहिलं तेल मानलं जातं. पाच वर्षांत तेही बंद पडलं, कारण तोच गुण असलेलं तेल बोरेज नावाच्या वनस्पतीच्या बियांतून स्वस्तात मिळू लागलं.

पंचाहत्तर वर्षांच्या या इतिहासात हा जीव विज्ञानाच्या परीक्षेत फारसा नापास झालेला नाही. तो हरत आला तो बाजारभावात. आणि ज्या पामतेलापुढे तो हरतो, त्याचा भाव कसा ठरतो, हे आता विचारायला हवं.

पामसारखं उदार झाड दुसरं नाही. एका हेक्टरमधून ते सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतं. म्हणून ते स्वस्त. पण जगातलं पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोनच देशांतून येतं आणि तिथली पुष्कळ लागवड जंगल तोडून झाली आहे. २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या जंगलांना आणि दलदलीच्या जमिनींना लागलेल्या आगींचा धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत पसरला होता. त्या धुराची किंमत तेलाच्या डब्यावर छापलेली नसते.

या तेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार आपला भारत आहे. आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. फरसाणाच्या कढईत, बिस्किटात, अंगाच्या साबणात पाम आहेच. २०२२ चा उन्हाळा आठवा. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि तिकडून येणारं सूर्यफुलाचं तेल अडलं. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मे रोजी पुन्हा खुली केली. ते रमजानचे दिवस होते. इफ्तारला भजी तळताना आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तेलाची पिशवी पिळून शेवटचा थेंब कढईत पाडत होत्या. लग्नसराईत आचारी डब्यांचा हिशेब दोनदा करत होते. नाकेबंदी नव्हती, उपासमार नव्हती. तरीही हजारो मैलांवरच्या एका निर्णयानं आपली कढई हलते, एवढं त्या उन्हाळ्यानं दाखवलं. सरकारनं २०२१ मध्ये देशातच पामची लागवड वाढवण्यासाठी ११ हजार ४० कोटी रुपयांची योजना आखली, ती याच चिंतेपोटी. पण पामला पाणी लागतं, जमीन लागते. खमिराला लागते ती साखर.

मग ही साखर कुणाच्या तोंडातून काढून घ्यायची, हा १९१६ चा प्रश्न पुन्हा समोर येतो. त्याचं उत्तर भाजी बाजाराच्या मागच्या बाजूला पडलेलं आहे. पुण्याचं गुलटेकडी घ्या, नवी मुंबईचं वाशी घ्या, नाहीतर कुठल्याही तालुक्याचा आठवडी बाजार. संध्याकाळी तिथे कोबीचा पाला, फुटलेले टोमॅटो, सडकी केळी, भाव न मिळाल्यानं सोडून दिलेली मेथी यांचे ढीग असतात. या ढिगातही साखर आणि पिष्ट आहे. हिच्यावर कुणा उपाशी माणसाचा दावा उरलेला नाही, कारण ती खाण्याच्या पलीकडे गेली. खमिरासाठी ही अशी साखर, जी कुणाच्या ताटातून आलेली नाही.

मात्र स्वप्न पाहताना हिशेब सोडू नये. भाजीपाल्यात दहातले नऊ भाग पाणी असतं. शंभर किलो कचऱ्यात दहा किलो कोरडा ऐवज धरू. त्यातला निम्मा भाग साखरेत बदलता आला, तर पाच किलो. पाचास एक या प्रमाणात तेल निघालं एक किलो. ढोबळ हिशेब आहे, पण सत्याच्या जवळ जाणारा. केळी-बटाट्याच्या कचऱ्यातून अधिक मिळेल, कोबीच्या पाल्यातून कमी. त्यातही देठांतला चिवट धागा फोडून साखर मोकळी करायला खर्च येतो. टाकीत सतत हवा खेळवायला वीज लागते. तेल पेशीच्या आत असल्यानं ती फोडावी लागते. गावच्या घाण्यावर होणारं हे काम नाही.

कचऱ्यावर दुसरा हक्कदारही आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं लहान गॅस संयंत्र तयार केलं आणि २००६ मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गॅस तयार करणारे जिवाणू मिळेल ते खातात, कसलेही नखरे करत नाहीत. यीस्ट चोखंदळ. त्याला निवडलेला, एकजिनसी कचरा हवा. म्हणून घरोघरचं मिश्र खरकटं गॅसकडे जाणं योग्य, आणि वेफर्सच्या कारखान्यातल्या बटाट्याच्या साली किंवा केचपच्या कारखान्यातला टोमॅटोचा चोथा यीस्टकडे. नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या सालींसारख्या उरल्यासुरल्या मालावर यीस्टचं तेल काढण्याचा उद्योग याच वाटेनं चालला आहे.

चोखंदळपणावरही उपाय शोधले जात आहेत. टाकीत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून सगळं वाफेनं निर्जंतुक करावं लागतं आणि त्यात पैसा जातो. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मेट्श्निकोव्हिया पुल्चेरिमा नावाचं यीस्ट निवडलं. ते फळांवर, फुलांवर राहतं आणि दुसऱ्या जंतूंना रोखणारी द्रव्यं स्वतःच सोडतं. निर्जंतुक न केलेल्या टाकीतही ते वाढतं आणि तेल देतं, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्याचं तेल घडणीनं पामतेलाच्या जवळ जातं.

आता एक गोष्ट, जी रसायनाच्या पुस्तकात सापडत नाही. स्निग्धता कुठून आली, याला आपल्या देशात फार अर्थ आहे. १८५७ मध्ये काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, या बातमीनं हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी पेटून उठले. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचं उघड झालं आणि देशभर संताप उसळला. घराघरांतून डबे संशयानं पाहिले गेले. गरीब माणूस डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून खातो. त्याच्याशी झालेली ती दगाबाजी होती. पाल्यावर आणि सालींवर वाढलेल्या खमिराचं तेल ना गाईचं, ना डुकराचं. ज्यानं सगळ्यांचा पाव फुगवला, त्याचंच ते. पण ते नवं आहे म्हणून त्याचा उगम डब्यावर ठळक लिहिलेला असावा. लपवून खाऊ घातलेली चांगली वस्तूही फसवणूकच ठरते.

उद्या सकाळी हे तेल आपल्या कढईत येणार नाही. ते आधी साबणात येईल, मलमात येईल, मग कदाचित बिस्किटात. शंभर किलोंमागे एक किलो या हिशेबानं ते आपली सगळी आयात थांबवू शकणार नाही. पण मागच्या शतकाचा धडा स्पष्ट आहे. १९१६ मध्ये आणि १९४० नंतर भूक दारात आल्यावर लोकांनी या खमिराला हाका मारल्या. तेव्हा शिकायला वेळ नव्हता, टाक्या नव्हत्या, खाऊ घालायला साखर नव्हती. आणि पोट भरताच त्याला विसरून गेले. संकटात लागणारी विद्या सुकाळातच पोसावी लागते. ती एखाद्या विद्यापीठाच्या खोलीत, एखाद्या लहान कारखान्यात तोटा सोसूनही जिवंत ठेवावी लागते.

आपल्या आया-आज्या हे जाणून होत्या. विरजण त्या रोज लावत. दही नको असलं तरी वाटीत थोडं राखून ठेवत. कारण एकदा विरजण मोडलं की ते शेजारी मागायला जावं लागतं, आणि शेजारी दरवेळी दार उघडेलच असं नाही.